धुरावर चालणारी बस

एकेचाळीसच्या उन्हाळ्यात माझे वडील आघाडीवर गेले आणि आमच्या हाउकीमाकी गावाहून ईसाल्मी शहराला जाणारी बस माझ्या आत्याच्या गळ्यात पडली.

हिल्काआत्या तेव्हा सव्वीस वर्षांची होती. बस तिला चालवता येत होती, कारण बाजाराच्या दिवशी वडील प्यायले की परतताना चाक तीच धरायची. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोलत नव्हतं. ती दिवसाढवळ्या ड्रायव्हरच्या सीटवर बसायला लागली, तेव्हा सगळ्यांना कंठ फुटला.

मी त्या वेळी दोन वर्षांची होते. पुढचं सगळं ऐकीव आहे. आत्याने मला ते एकदाच सांगितलं. त्या बसमध्ये असलेल्या मांताने मात्र मरेपर्यंत सांगितलं, दर वेळी थोडं वाढवून. तेव्हा जिथे दोघींचं जुळत नाही तिथे मी आत्याचं धरलं आहे.

पेट्रोल तोवर दिसेनासं झालं होतं. दुकानासमोरच्या पंपाला कुलूप लागलं. जे काही यायचं ते आधी सैन्याला, मग डॉक्टरला, आणि मग कोणालाच नाही. चोरून मिळायचं, पण एका डब्यासाठी लोक डुकराचं पिल्लू मागत. त्यामुळे बसच्या पाठीला, बाहेरच्या बाजूने, एक लोखंडी पिंप बसवलं गेलं. त्यात भूर्जाच्या मुठीएवढ्या ढलप्या भरायच्या, खालून पेटवायच्या आणि हवा अगदी मोजकी द्यायची. लाकूड धड जळत नाही, नुसतं धुमसतं. त्यातून निघणारा वायू नळीने इंजिनात जातो आणि त्याच्यावर गाडी चालते. ताकद पेट्रोलच्या निम्मी. मोठा चढ आला की धडधाकट माणसांनी उतरायचं आणि ढकलायचं.

तो वायू म्हणजे हॅका. आमच्याकडे तो पोराटोरांनाही माहीत असतो. चुलीत निखारे लाल असताना धुराड्याची झडप लावून टाकली की हॅका घरात कोंडतो आणि सकाळी घर उठत नाही. धुराला वास असतो, ह्याला नसतो. इंजिन चालू असलं की ते हा वायू ओढून घेतं, तेव्हा धोका कमी. गाडी थांबली की पिंप धुमसत राहतं आणि मिळेल त्या फटीतून वायू आत शिरतो. वडिलांनी जाताना बहिणीला हे तीनतीनदा बजावलं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी करून ठेवली होती. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलचा एक डबा, झाकणाला मेण लावून बंद केलेला. "जिवावर बेतलं तरच उघडायचा," ते म्हणाले होते.

आत्या पहाटे उठून पिंप पेटवायची. हाताने फिरवायचा पंखा होता, तो फिरवून फिरवून तिचा उजवा दंड डाव्याहून जाड झाला. झाकण उघडताना जाळाचा भपका येऊन दोनदा भुवया गेल्या.

"आता तुला नवरा मिळालाच," मांता म्हणायची, "तर बिचाऱ्याला तुझं कपाळ कुठं संपतं ते कळायचं नाही."

मांता तुंबड्या लावणारी. गावोगावच्या सौनांमध्ये, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरांमध्ये, जाऊन लोकांचं नासलेलं रक्त काढायची आणि त्यांच्या घरातल्या बातम्याही. बसमध्ये चढल्यापासून उतरेपर्यंत तिचं तोंड बंद नसे.

लाकूड द्यायचा हेर्मानी मालक. गावातलं सगळ्यात मोठं शेत त्याचं, भूर्जाचं रानही त्याचंच. लाकडाच्या बदल्यात त्याला आणि त्याच्या माणसांना फुकट प्रवास, आणि बसायला मागचा बाक. हा बाक पिंपाला पाठ लावून होता, त्यामुळे हिवाळ्यात बसमधली उबदार जागा ती तेवढीच. म्हातारे, लेकुरवाळ्या आणि हेर्मानी मालक तिथे बसत. दारापाशी ड्रायव्हरच्या मागे एक जागा होती, तिथे दाराच्या फटीतून वारा सुरीसारखा लागायचा. ती जागा कोणालाच नको असे.

हेर्मानीला तो पेट्रोलचा डबा हवा होता. मळणीयंत्राच्या इंजिनासाठी.

"नुसता पडून आहे तो तुझ्या बुडाखाली," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "अंडं आहे का ते, उबवायला?"

"तुमच्या बुडाखाली अख्खं रान आहे, मालक," आत्या म्हणाली. "मी मागितलं का?"

लोक हसले. हेर्मानीही हसला, पण त्यानंतर लाकूड उशिरा यायला लागलं.

बेचाळीसच्या फेब्रुवारीत फार भयंकर थंडी पडली. झाडं रात्री बंदुकीसारखी फुटायची. त्या सकाळी हेर्मानीच्या गड्याने सहा पोती आणून टाकली आणि तो निघून गेला. आत्याने वरची दोन पोती चाचपली, लाकूड चांगलं होतं. बाकीची बघायला वेळ नव्हता. ईसाल्मीची आगगाडी कोणासाठी थांबत नाही.

बसमध्ये चौदा-पंधरा माणसं होती. मागच्या बाकावर हेर्मानी, त्याच्या शेजारी आइनी आणि तिची सात महिन्यांची मुलगी, आणि कोपऱ्यात म्हातारा चांभार एनोक्की, जो बसमध्ये पाय ठेवला की झोपायचा. त्यांच्या पुढे मांता. दारापाशीच्या गार जागेवर पालागा. ही पालागा सीमेवरच्या कारेलिया प्रांतातून आलेली निर्वासित. सीमा सरकली तेव्हा तिचं गाव रशियात गेलं, आणि आता सैन्याने ते परत घेतलं म्हणून ती घरी निघाली होती. दोन वर्षं आमच्या गावात राहिली, पण छातीवर क्रॉसची खूण करताना तिचा हात आमच्या उलट्या बाजूने जातो एवढ्यावरून लोक तिच्याशी जपूनच बोलत.

निघताना आत्याने छताची हवेसाठीची झडप उघडली.

"उघडी ठेवतेस?" हेर्मानी ओरडला. "बाहेर बघ जरा! लेकरू निळं पडेल."

"बोटभर फट तरी राहू दे, मालक."

"हिल्का, खरंच गं," आइनी म्हणाली. "हिला आधीच सर्दी झालीय. खोकून खोकून रात्रभर झोपली नाही."

आत्याने झडप बोटभर ठेवली आणि ती चाकाकडे गेली. तिची पाठ वळल्यावर हेर्मानीने आपली टोपी काढून त्या फटीत कोंबली. खिडक्यांना बर्फ चढलं होतं, भेगांमध्ये लोकांनी चिंध्या भरल्या होत्या. बस आतून मातीच्या मडक्यासारखी बंद झाली.

वरची दोन पोती संपेपर्यंत गाडी बरी चालली. तिसरं पोतं ओतलं आणि चढावर इंजिनाने मान टाकली. आत्या उतरली, शेगडी खडखडवली, पंखा फिरवला, परत निघाली. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा तेच.

"बाईमाणसाच्या हातात चाक दिलं की असं होतं," मागून हेर्मानी.

"बाईमाणसाच्या हातात तुमचं लाकूड दिलं की असं होतं," आत्या म्हणाली. पण तिला घाम फुटला होता. पुढे सगळी दलदल होती. कोर्पेलांचं शेत येईपर्यंत घर नाही, माणूस नाही, नुसती खुरटी झाडं आणि बर्फ.

दलदलीच्या मध्यावर गाडी तिसऱ्यांदा थांबली.

ह्या वेळी तिने पिंपाचं झाकण उघडलं तर पांढराशुभ्र धूर, ओल्या घोंगडीसारखा. एक ढलपी हातात घेऊन दुसऱ्या टोकाला निखारा लावला, तर अलीकडून फेस आला. हिरवं लाकूड. आठवड्यापूर्वी तोडलेलं. ती एक शिवी हासडून शेगडी उपसायला लागली. ओल्या ढलप्या बाहेर, तळाशी उरलेले सुके तुकडे आत. मग पंखा. हात बधिर झाले की ती ते काखेत धरायची आणि परत पंखा. बसच्या पत्र्यापलीकडून मांताचा आवाज येत होता: फौजदाराच्या पाठीवरच्या गळवाची गोष्ट चालली होती.

तो आवाज कधी थांबला ते आत्याच्या लक्षात आलं नाही.

शेवटी निळा जाळ दिसला, म्हणजे वायू नीट बनू लागला होता. आत्या पुढे आली, दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थबकली. बस गप्प होती.

मांता सरळ बसलेली होती, तोंड उघडं, बोट हवेत. गोष्ट अर्धी राहिली होती. तिच्या पुढच्या दोघी एकमेकींवर कलंडलेल्या.

"झोपलेत सगळे," पालागा दारापाशी पुटपुटली. तिची जीभ जड झाली होती. "माझं पण... डोकं फुटतंय."

आत्या मागे धावली. आइनीच्या मांडीवर बाळ पडलं होतं. त्या थंडीत बाळाचे गाल पिकल्या सफरचंदासारखे लाल होते. असे गाल आत्याने एकदा पाहिले होते, शेजारच्या घरात, एका सकाळी. त्या घरात कोणी उठलं नव्हतं.

तिने बाळ उचललं, दाराबाहेर नेलं, शाल उलगडून बर्फावर ठेवलं. "पालागा! ऊठ!"

"माझी गाडी..."

"गाडी गेली खड्ड्यात. ऊठ म्हणते ना!" तिने तिच्या गालावर दोन ठेवून दिल्या. पालागा उठली, पायरीवरून खाली पडली, ओकली, आणि गुडघ्यांवर परत आत आली.

आत्याने फावड्याने खिडक्या फोडायला सुरुवात केली. एक एक काच. मग आइनीला काखेत धरून ओढली. आइनीला बाहेर ठेवून परत आली तर वाटेत हेर्मानी आडवा. तेवढ्यात तो उठायला गेला असावा आणि दोन बाकांच्या मधे कोसळला होता, बैलासारखा. त्याला हलवल्याशिवाय मागे जाता येईना.

"ह्याचे पाय धर."

"ह्याला राहू दे," पालागा धापा टाकत म्हणाली. "आधी हलकी माणसं काढू."

"तो वाटेत आहे गं! धर!"

दोघींनी त्याला ओढलं. किती वेळ गेला कोण जाणे. त्याचं डोकं प्रत्येक पायरीवर आपटलं. मग मांता, मग त्या दोघी, मग बाकीचे. काहींना गार वारा लागल्यावर स्वतःच रांगता आलं. आणि शेवटी कोपऱ्यातला एनोक्की, जो नेहमीसारखाच झोपलेला दिसत होता.

आता सगळे बर्फावर होते. कोणी ओकत होतं, कोणी रडत होतं, कोणी नुसतंच पडलं होतं. आणि पारा असा होता की तासाभरात बर्फाने ते काम पुरं केलं असतं जे हॅकाने अर्ध्यावर सोडलं होतं. परत आत न्यावं तर मागे पिंप धुमसत होतं.

आत्याने पिंपाचं खालचं दार उघडलं आणि आत होते नव्हते ते सगळे निखारे फावड्याने रस्त्यावर ओढले. बर्फ फसफसलं. तिने माणसांना त्या ढिगाच्या वाऱ्याकडच्या बाजूला आणून टेकवलं, म्हणजे ऊब लागेल पण धूर लागणार नाही. बाळ तिने स्वतःच्या कोटात घेतलं. बाळ हाताला थंड लागत होतं आणि हलत नव्हतं. तिने त्याच्या तळव्यांना चिमटे काढले, जोरात, नख लावून. पुन्हा. पुन्हा. आणि मग बाळाने तोंड वाकडं केलं आणि एक बारीक, रागावलेला आवाज काढला.

"रड," आत्या म्हणत होती, "रड गं बाई, शिव्या दे मला."

मग तिने सीटखालून डबा काढला. मेण गोठून दगड झालं होतं, ते तिने दातांनी तोडलं. इंजिनाची पेट्रोलची बाजू कित्येक महिन्यांत वापरलेली नव्हती. नळी गोठली असेल तर सगळं तिथेच संपलं. तिने पेट्रोल ओतलं, वायूची झडप बंद केली आणि पुढे जाऊन हँडल मारलं. काही नाही. परत मारलं. पालागा मोठ्याने देवाचं नाव घेत होती, उलट्या बाजूने क्रॉसची खूण करत. तिसऱ्यांदा हँडल उलटं फिरून आत्याच्या मनगटावर बसलं. तिने हात बदलला.

इंजिन सुरू झालं.

निखाऱ्यांच्या उबेने थोडं सावरलेल्यांनी बाकीच्यांना आत चढवलं. फुटक्या खिडक्यांतून वारा आरपार जात होता. आत्या नंतर म्हणाली की गाडीने त्या दिवशी अशी उसळी घेतली की ती घाबरलीच. पेट्रोलवर गाडी कशी धावते हे ती विसरून गेली होती. डब्यात किती अंतराचं पेट्रोल आहे हे तिला माहीत नव्हतं. काट्याकडे बघण्यात अर्थ नव्हता, तो कधीचा मोडला होता.

"कोणाला झोपू देऊ नकोस," तिने पालागाला ओरडून सांगितलं. "बोलायला लाव."

पालागा काय बोलणार? तिच्याशी तर हे लोक कधी धड बोललेही नव्हते. ती एकेकाला गदागदा हलवून विचारायला लागली, "तुमच्या गाईचं नाव काय?"

"मान्सिक्की," आइनी पुटपुटली.

"तुमच्या?"

"हेलुना... आणि वासरू, वासराला अजून नाव नाही."

"मग ठेवा! आत्ता ठेवा!"

हेर्मानीला ती सोडेना. "तुमच्याकडे तर पुष्कळ आहेत. सगळ्यांची सांगा." तो डोळे मिटून चार सांगायचा आणि अडकायचा, आणि अडकला की पालागा त्याच्या कानशिलात लगवायची. गावात अनेकांना जे करावंसं वाटत होतं ते तिने त्या रस्त्यावर बरंच केलं.

मांता मधेच जागी झाली आणि म्हणाली, "माझी तुंबड्यांची पिशवी कोणी घेतली?"

"एनोक्कीमामा, तुमच्या गाईचं नाव?"

एनोक्कीमामा बोलले नाहीत. पालागाने त्यांचा हात धरला, जरा वेळ धरून ठेवला, मग त्यांची टोपी डोळ्यांवर ओढली आणि ती त्यांच्या शेजारी बसून राहिली. पुढे आत्याने विचारलं, "सगळे बोलतायत ना?" तर ती म्हणाली, "तू रस्त्याकडे बघ."

कोर्पेलांच्या फाट्यावर इंजिन खोकलं. उतारावर गाडी आपोआप गेली, अंगणाच्या फाटकाला धडकून थांबली. घरातली माणसं धावत आली. सगळ्यांना गोठ्यात नेलं, कारण गोठा ऊबदारही होता आणि हवाशीरही. तिथे पालागाने आत्याला एनोक्कीमामांचं सांगितलं.

फौजदाराने चौकशी केली. हेर्मानीने सांगितलं की लाकूड सुकं होतं आणि बाई फार वेळा थांबली. मांताचा जबाब इतका लांबला की कारकुनाला दुसऱ्या दिवशी बोलवावं लागलं. पालागाची गाडी चुकली होतीच. ती जबाबासाठी थांबली, आणि तिने फौजदाराला बसमध्ये नेऊन छताच्या फटीतली टोपी दाखवली. टोपी बर्फाने तिथेच चिकटली होती. आत हेर्मानीच्या नावाची अक्षरं शिवलेली होती.

तरी कोणावर काही झालं नाही. अपघात, असं ठरलं. पिंप बसपासून वेगळ्या गाड्यावर बसवायचं आणि छताची झडप काढून टाकायची, म्हणजे ती कोणाला बंद करता येणार नाही, असा हुकूम झाला. पालागा पुढच्या गाडीने गेली. जाताना तिने आत्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आमच्याकडे असं कोणी करत नाही.

लोहाराने हुकमाप्रमाणे सगळं करून दिलं, तरी बस अंगणात उभीच राहिली. आत्याचं डोकं दिवसदिवस ठणकायचं. मनगट बरं झालं. ती गुरांचं बघायची, मला खेळवायची आणि खिडकीकडे पाठ करून बसायची. लोक यायचे, विचारायचे, ती म्हणायची, "बघू."

मग एक दिवस एनोक्कीची बायको ईता आली. छोटीशी, वाकलेली बाई. कॉफी म्हणून भाजलेल्या राय धान्याचा काढा समोर ठेवला, तो तिने घेतला नाही.

"मला एक सांग," ती म्हणाली. "त्याला कितवा काढलास?"

माझी आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "ईताकाकू, आता ते कशाला?"

"मी हिला विचारतेय."

"शेवटचा," आत्या म्हणाली.

"हेर्मानीला आधी?"

"आधी. तो वाटेत पडला होता. त्याला हलवल्याशिवाय मागे जाता येत नव्हतं. पण नंतरही... नंतरही मी बाकीच्यांना आधी काढलं. एनोक्कीमामा नेहमी झोपलेलेच असत. मला वाटलं..."

ईताने समोरचा पेला बाजूला सारला.

"चाळीस वर्षं," ईता म्हणाली, "मीसुद्धा जेवायला त्याला शेवटी उठवायची. असाच झोपलेला असायचा." तिने नाक पुसलं. "माझ्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय. मंगळवारी दवाखान्यात बोलावलंय. बस जाणार आहे का मी चालायला लागू?"

आत्या उठली आणि बाहेर गेली. थोड्या वेळाने पंख्याचा आवाज आला.

लाकूड मात्र हेर्मानीकडूनच घ्यावं लागणार होतं. दुसरीकडे घोडे नव्हते, माणसं नव्हती. सोमवारी तो स्वतः आला, गडी न पाठवता. डोक्याला नवी टोपी. त्याने पोती उतरवली. आत्याने कुऱ्हाड आणली, पहिलं पोतं अंगणात उपडं केलं आणि त्याच्यासमोर एकेक ढलपी ठोकळ्यावर ठेवून फोडायला लागली. फुटल्यावर आतला भाग गालाला लावून बघायची. सुकी असली तर उजवीकडे. ओली असली तर त्याच्या पायाशी.

"सगळी बघणार आहेस का?" हेर्मानीने विचारलं.

"सगळी."

तो उभा राहिला. थंडी होती, तो पाय बदलत राहिला, पण गेला नाही. दुसऱ्या पोत्याच्या मध्यावर त्याने मिशीवरचं बर्फ पुसलं, खाली बसला आणि ओल्या ढलप्या वेचून परत आपल्या घसरगाडीत टाकायला लागला.

मंगळवारी बस ईसाल्मीला गेली. दोन वर्षांनी वडील परतले तोवर ती रोज जात होती, आणि त्यानंतरही चाक आत्याकडेच राहिलं, कारण वडिलांना ते परत मागायला जमलं नाही.